हायरूलमध्ये पहिल्यांदा भटकताना: काय शोधायचं, काय सोडायचं

‘द लेजेंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा हायरूल नावाच्या काल्पनिक राज्यात घडणारा गेम ३ मार्च २०१७ रोजी निन्टेंडो स्विच आणि वी यू या दोन कन्सोलवर आला. २०२३ मध्ये त्याचा पुढचा भाग ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ही आला. तरी ओपन वर्ल्ड, म्हणजे वाटेल तिकडे मोकळं फिरता येणारा, गेम पहिल्यांदाच खेळायला घेणाऱ्याला मी आजही आधी हाच सुचवतो. भटकणं कसं असावं आणि भटकणाऱ्याला काय मिळावं, याचा इतका नीट विचार केलेले गेम फार थोडे आहेत.

नव्या खेळाडूंच्या दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली, ‘कुठे जायचं तेच कळत नाही.’ दुसरी, ‘एवढा डोंगर चढून गेलो आणि पेटीत निघाले काय, तर पाच बाण!’ दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. बऱ्याच गेममध्ये नकाशावर खुणांची गर्दी असते. एकेक खूण गाठायची, मिळेल ते घ्यायचं आणि पुढे निघायचं, ही सवय आपल्याला लागलेली असते. इथे नकाशा बराचसा कोरा असतो आणि तो तुम्हीच भरायचा असतो. मिळणाऱ्या वस्तूंकडेही वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं. या गेममधलं जवळजवळ प्रत्येक बक्षीस तुमची पुढे भटकण्याची ऐपत वाढवतं: अजून उंच चढता यावं, अजून थंडीत जाता यावं, अजून सामान बरोबर नेता यावं. त्या मापानं मोजलं की काय उचलायचं आणि काय सोडायचं, हे आपोआप कळू लागतं.

गेमची भाषा मराठी नाही. म्हणून ठिकाणांची आणि वस्तूंची नावं पडद्यावर जशी दिसतात तशीच खाली दिली आहेत. कथेतले धक्के मात्र फोडलेले नाहीत.

पठारावरून उतरायची घाई करू नका

गेमचा नायक लिंक शंभर वर्षांच्या झोपेतून जागा होतो, हातात शिका स्लेट (नकाशा आणि दुर्बीण असलेली जादूई पाटी) येते आणि तुम्ही ग्रेट प्लेटो या पठारावर बाहेर पडता. चारी बाजूंनी कडे आहेत. पॅराग्लायडर मिळाल्याशिवाय खाली उतरता येत नाही आणि तो मिळवायला पठारावरची चार श्राइन पूर्ण करावी लागतात. श्राइन म्हणजे जमिनीखालची छोटी कोडी. ही चार श्राइन तुम्हाला चार शक्ती देतात: ओमान आउमध्ये लोखंडी वस्तू उचलणारी मॅग्नेसिस, जा बाइजमध्ये रिमोट बॉम्ब, ओवा दाइममध्ये वस्तूचा काळ थांबवणारी स्टेसिस आणि केह नामुतमध्ये पाण्यावर बर्फाचे खांब उभे करणारी क्रायोनिस. या चार शक्ती शेवटपर्यंत पुरतात. पुढे कुठेही अडलात, तर या चारींपैकी काय वापरता येईल हे आधी आठवा.

अनेकजण पठाराला ‘सुरुवातीचा धडा’ समजून पळत पळत संपवतात. मला तो गेममधला सर्वांत विचारपूर्वक रचलेला भाग वाटतो, कारण पुढे लागणारी प्रत्येक युक्ती इथे छोट्या प्रमाणात आहे, फक्त ती कुणी तोंडानं सांगत नाही.

थंडीचंच घ्या. पठाराच्या एका बाजूला बर्फाळ डोंगर आहे. उघड्या अंगानं गेलात तर हृदयं, म्हणजे पडद्यावर दिसणारी जीवनशक्ती, एकेक करून कमी होतात. यावर उपाय तीन. पेटती मशाल हातात धरली की ऊब मिळते. लाल मिरच्या शोधून त्या भांड्यात शिजवल्या आणि तो पदार्थ खाल्ला, तर काही मिनिटं थंडी बाधत नाही. (कच्ची किंवा नुसती भाजलेली मिरची खाऊन उपयोग नाही.) तिसरा उपाय पठारावर भेटणाऱ्या म्हाताऱ्याच्या झोपडीत सापडतो. तिथली वही वाचली तर त्याला आठवत नसलेल्या एका पदार्थाचा उल्लेख आहे. मांस, मासा आणि मिरची एकत्र शिजवून तो पदार्थ त्याला दिलात की तो उबदार अंगरखा देतो. एकाच अडचणीला तीन वाटा, आणि तीनही गेमनं तुमच्यासमोर ठेवलेल्या असतात. दरीच्या काठावर उभं झाड दिसलं आणि हातात कुऱ्हाड असेल, तर झाड पाडून पूल होतो का हेही इथेच करून बघा.

पठारावरची प्रत्येक पडकी भिंत, प्रत्येक तळं बघा. तळ्याच्या काठी उभं राहून मॅग्नेसिस सुरू केलं की पाण्याखालच्या लोखंडी पेट्या गुलाबी रंगात चमकतात. ही सवय पुढे सगळ्या हायरूलमध्ये कामाला येईल.

आधी उंचावर जा, मग दुर्बीण काढा

हायरूलमध्ये १५ टॉवर आहेत. टॉवरच्या माथ्यावर स्लेट ठेवली की त्या भागाचा नकाशा उघडतो. पण काय उघडतं ते नीट पाहा: डोंगर, नद्या, रस्ते, चढउतार. श्राइन कुठे, पेटी कुठे, कोडं कुठे, यातलं काहीही उघडत नाही. ते तुमच्या डोळ्यांचं काम.

म्हणून टॉवर चालू झाल्यावर लगेच उडी मारू नका. उजवी स्टिक आत दाबली की दुर्बीण उघडते. चारी दिशा सावकाश फिरून पाहा. काही वेगळं दिसलं की ‘ए’ बटणानं खूण लावा. दुर्बिणीतून एकावेळी पाच रंगीत खुणा लावता येतात आणि त्या प्रत्यक्ष आकाशात उजेडाच्या खांबासारख्या दिसतात. याखेरीज नकाशावर १०० शिक्के मारता येतात. माझा सल्ला असा की खुणा ‘आत्ता जायचंय’ यासाठी ठेवा आणि शिक्के ‘पुन्हा यायचंय’ यासाठी. न झेपणारा राक्षस दिसला, तर तलवारीचा शिक्का. बंद पेटी दिसली पण हाती लागली नाही, तर पेटीचा.

दुर्बिणीत काय शोधायचं? न उघडलेलं श्राइन केशरी उजेडात चमकतं, पूर्ण केलं की निळं होतं. त्यामुळे टेहळणीला रात्र उत्तम. कवटीच्या आकाराचा मोठा खडक दिसला तर आत बोकोब्लिन या राक्षसांचा तळ असणार. घोड्याच्या मोठ्या डोक्यासारखं छत दिसलं तर तो तबेला, म्हणजे झोपायला खाट, शिजवायला भांडं आणि बहुतेक वेळा जवळच एक श्राइन. कुठून तरी धूर येतोय, एकाच टेकडीच्या माथ्यावर एकटंच झाड उभं आहे, तळ्याच्या मध्यभागी बेट आहे: या सगळ्या जागा कुणीतरी मुद्दाम रचल्या आहेत.

त्या रचनेमागचा विचार निन्टेंडोच्या लोकांनी २०१७ मध्ये जपानमधल्या गेम बनवणाऱ्यांच्या सेडेक परिषदेत उलगडून सांगितला होता. हायरूलची जमीन त्यांनी लहानमोठ्या त्रिकोणांनी मांडली आहे. त्रिकोणी टेकडी दोन गोष्टी करते: पलीकडचं झाकते आणि चढून जायचं की वळसा घालायचा, हा निर्णय तुमच्यावर सोपवते. वळसा घेतलात की आडोशामागची वस्तू हळूहळू उघडी पडते. हे कळलं की चालण्याची पद्धतच बदलते. एका खुणेकडे जाताना प्रत्येक टेकडीच्या कडेवर क्षणभर थांबून पलीकडे काय उघडं पडलं ते बघायचं. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. खिंडीत पोचल्यावर तो आपोआपच थांबतो.

आणखी एक गोष्ट, जी मी प्रत्येक नव्या खेळाडूला आग्रहानं सांगतो. पठार संपलं की ऑप्शन्समध्ये जाऊन एचयूडी (पडद्यावरची माहिती) ‘प्रो’ करा. पडद्यावर फक्त हृदयं उरतात. कोपऱ्यातला छोटा नकाशा, तापमान, आवाजाची पट्टी, सगळं जातं. पहिला तासभर चुकल्यासारखं वाटेल. मग लक्षात येईल की आतापर्यंत नजर कोपऱ्यातल्या ठिपक्यावर खिळलेली होती आणि आता ती डोंगरांवर आहे.

चढणं, पाऊस आणि विसावा

जवळजवळ काहीही चढता येतं. मर्यादा फक्त हिरव्या स्टॅमिना चक्राची, म्हणजे दम किती उरला ते दाखवणाऱ्या चक्राची. चढताना ‘एक्स’ दाबून उड्या मारल्या तर चक्र भराभर संपतं. उंच कड्यावर सावकाश चढा आणि उडी शेवटच्या टप्प्यासाठी राखा. जिथे उभं राहता येईल इतकी सपाट कड दिसेल तिथे थांबलात की चक्र पुन्हा भरतं. म्हणून चढाईला सुरुवात करण्याआधी खालूनच विसाव्याच्या जागा हेरून ठेवा.

पावसात पाय घसरतात. पाऊस सुरू झाला की पुढे आलेल्या कड्याखाली आडोसा घ्या, सरपण आणि गारगोटी जमिनीवर ठेवून लोखंडी हत्यारानं ठोका, जाळ पेटेल. त्या जाळाशेजारी बसून सकाळ, दुपार किंवा रात्र होईपर्यंत वेळ काढता येतो. विजा चमकू लागल्या तर लोखंडाची तलवार, ढाल, धनुष्य लगेच उतरवा. ठिणग्या दिसू लागल्या म्हणजे वीज तुमच्यावरच पडणार. कोरड्या गवताला आग लावली तर वर जाणारा वारा तयार होतो आणि पॅराग्लायडर उघडून त्या वाऱ्यावर उचलून घेता येतं. शत्रूच्या मचाणावर उतरायला याहून सोपा रस्ता नाही.

ऑर्ब कशावर खर्चायचे

प्रत्येक श्राइन पूर्ण केल्यावर एक स्पिरिट ऑर्ब मिळतो. चार ऑर्ब देवीच्या मूर्तीसमोर दिले की एक हृदय किंवा स्टॅमिनाचा एक पाचवा हिस्सा वाढतो. एकूण श्राइन १२०, म्हणजे अशी ३० वाढ. सुरुवातीला हृदयं ३ आणि स्टॅमिनाचं एक चक्र असतं. वरची मर्यादा ३० हृदयं आणि ३ चक्रं आहे, पण दोन्ही एकाच वेळी पूर्ण भरत नाहीत. निवड करावीच लागते.

नवखा खेळाडू घाबरून हृदयं घेतो. माझं मत उलट आहे: दुसरं चक्र पूर्ण होईपर्यंत सगळे ऑर्ब स्टॅमिनावर घाला. त्याला २० ऑर्ब लागतात. कमी हृदयांची भरपाई चांगल्या जेवणानं आणि थोड्या सावधपणानं होते, पण स्टॅमिना कमी असला की अर्धा देश हाताबाहेर राहतो. दुसऱ्या चक्रानंतर हृदयांकडे वळा. मास्टर सोर्ड ही प्रसिद्ध तलवार उपसायला स्वतःची १३ हृदयं लागतात. जेवणातून मिळालेली पिवळी हृदयं त्यात धरत नाहीत.

आणि चुकीचं निवडलं असं पुढे वाटलं, तरी वाट बंद होत नाही. हतेनो गावात शिंग असलेली एक मूर्ती आहे. तिला हृदय किंवा स्टॅमिना दिला की १०० रुपी (गेममधले पैसे) मिळतात, आणि १२० रुपी देऊन त्या बदल्यात हवं ते घेता येतं. म्हणजे एका अदलाबदलीला २० रुपींचा तोटा. तलवारीपुरती हृदयं वाढवून नंतर पुन्हा स्टॅमिना घेणारे बरेच खेळाडू आहेत.

श्राइनबद्दल एवढंच: कोडं सुटत नसेल तरी दार चालू करून ठेवा, म्हणजे तिथे कधीही थेट परतता येतं. ‘टेस्ट ऑफ स्ट्रेंग्थ’ नाव दिसलं तर आत लढाई आहे. ‘मायनर’ असेल तर करून बघा, ‘मेजर’ असेल तर सुरुवातीला बाहेर या. श्राइनमधल्या सगळ्या पेट्या उघडल्या की नकाशावर त्या श्राइनच्या नावाशेजारी पेटीची खूण येते.

कोरोक: जिथे काहीतरी विचित्र दिसतं

हायरूलमध्ये ९०० कोरोक लपले आहेत. हे पानांचा मुखवटा घातलेले छोटे वनजीव. सापडला की तो एक बी देतो. या बिया हेस्टू नावाच्या मोठ्या कोरोकला दिल्या की शस्त्रं, धनुष्यं किंवा ढाली ठेवायची जागा एकेकानं वाढते. पठार उतरून काकारिको गावाच्या वाटेला लागलात की हेस्टू रस्त्याच्या कडेला भेटतो. त्याचा हरवलेला खुळखुळा शत्रूंकडून परत आणून दिल्याशिवाय तो कामाला लागत नाही, म्हणून ते आधी करा. शस्त्रांची पहिली जागा एका बीला मिळते, मग दोन, तीन, पाच, आठ असं महाग होत जातं. सुरुवातीला शस्त्रांवरच खर्च करा.

कोरोक शोधण्याचं तंत्र एका वाक्यात सांगता येतं: निसर्गात आपोआप घडणार नाही असं काही दिसलं की थांबा. शिखराच्या अगदी माथ्यावर एकच दगड असेल तर तो उचला. दगडांच्या वर्तुळात एक जागा रिकामी असेल तर जवळच पडलेला दगड आणून तिथे ठेवा. छोट्या मूर्तींच्या रांगेत सगळ्यांसमोर सफरचंद आहे आणि एकीसमोर नाही, तर तिथे ठेवा. पाण्यात कमळाच्या पानांचं वर्तुळ दिसलं तर वरून त्यात सूर मारा. एकसारखी तीन झाडं ओळीत आहेत आणि एकावर फळं जास्त आहेत, तर जास्तीची तोडून तीनही सारखी करा. पिवळं फूल दिसलं की त्याच्याजवळ जा. ते गायब होऊन दुसरीकडे उगवेल, पाठलाग करत राहा. झाडाच्या ढोलीत किंवा पुलाखाली लटकणारं फळ बाणानं पाडा. भिरभिरं दिसलं तर त्याच्याजवळ उभं राहून आजूबाजूला फुगे कुठे उडतायत ते पाहा. पानाचं चित्र असलेल्या खोडावर उभं राहिलात तर दूर एक वर्तुळ उजळतं आणि वेळेत तिथे पोचायचं असतं.

सगळ्या जागा पूर्ण वाढवायला ४४१ बिया पुरतात, म्हणजे निम्म्याहून कमी. उरलेल्या निम्म्या यासाठी आहेत की तुम्ही कुठल्याही दिशेनं गेलात तरी वाटेत पुरेशा मिळाव्यात. हे लक्षात घेतलंत तर सगळ्या ९०० शोधण्याचा ताण जातो. ९०० पूर्ण करणाऱ्याला मिळणाऱ्या वस्तूचा खेळात काहीच उपयोग नाही. इंटरनेटवर सगळ्या जागांचे नकाशे आहेत, पण निदान पहिल्या खेपेला ते उघडू नका. बी हे त्या शोधण्याच्या क्षणाचं बक्षीस आहे. यादीवरून गोळा केलेल्या बीत तो क्षण उरत नाही.

शस्त्रं मोडणारच

या गेममधली सर्वांत नावडती गोष्ट हीच. तलवार काही वारांत मोडते आणि लोक चांगलं शस्त्र ‘पुढे लागेल’ म्हणून जपून ठेवतात, मग पिशवी भरून जाते आणि पेटीतलं नवं शस्त्र तिथेच सोडावं लागतं. उलटं करा. चांगलं शस्त्र आज वापरा. तुम्ही जितके शत्रू हरवता तितके पुढचे शत्रू बलवान होत जातात, लाल बोकोब्लिनांच्या जागी निळे, काळे, रुपेरी दिसू लागतात आणि त्यांच्याकडची शस्त्रंही सुधारतात. त्यामुळे आजचं जपून ठेवलेलं शस्त्र आठवड्यानं साधंच वाटतं.

शस्त्र मोडायला आलं की पडद्यावर सूचना येते. तेव्हा ते ‘आर’ बटणानं शत्रूवर फेका; फेकून मोडलं तर दुप्पट इजा होते. साध्या शत्रूंवर शस्त्र झिजवूच नका, बॉम्ब फुकट आहेत. आणि अधूनमधून आकाशात लाल चंद्र उगवला की मेलेले सगळे शत्रू आणि माळरानावर पडलेली शस्त्रं पुन्हा जागेवर येतात. चांगली तलवार कुठे रोवलेली सापडली होती त्या जागी शिक्का मारून ठेवला, तर लाल चंद्रानंतर तिथे परत जाता येतं. उघडलेल्या पेट्या मात्र पुन्हा भरत नाहीत.

स्वयंपाक

पेटलेल्या जाळावर ठेवलेलं भांडं दिसलं की पाचपर्यंत जिन्नस हातात धरून त्यात टाका. तीन नियम पुरतात. एका पदार्थात एकच गुण ठेवा. थंडीचा आणि उन्हाचा जिन्नस एकत्र आला तर दोन्ही गुण जातात. किडे, बेडूक, सरडे हे राक्षसांच्या अवयवांबरोबर शिजवा, त्याचं औषध होतं. ते जेवणात घालू नका. आणि नावात ‘हार्टी’ असलेला जिन्नस एकटाच शिजवला तरी सगळी हृदयं भरून वर काही पिवळी मिळतात, त्यामुळे हार्टी मुळा किंवा हार्टी ड्युरियन सफरचंदांबरोबर वाया घालवू नका.

भटकण्यासाठी खरा उपयोग ‘स्टॅमेला’ मशरूमचा. त्यांचे दोन-तीन पदार्थ कायम पिशवीत असू द्या. कड्याच्या मध्यावर चक्र संपत आलं की मेनू उघडून तिथल्या तिथे खाता येतं. गेम तेवढा वेळ थांबलेला असतो.

रुपी, रत्नं आणि कपडे

गवत कापून इथे पैसे मिळत नाहीत. काळपट खडकात चमकणाऱ्या शिरा दिसल्या की हातोडा किंवा बॉम्बनं फोडा. अंबर ३० रुपीला जातो, माणिक २१०, हिरा ५००. सुरुवातीला अंबर आणि ओपल थोडे विका, पण सगळे नको. कपडे मजबूत करायला पुढे रत्नं लागतात. गार्डियनसारख्या जुन्या शिका यंत्रांचे स्क्रू, शाफ्ट, कोर तर अजिबात विकू नका. हतेनोच्या प्रयोगशाळेत पुरा नावाची शास्त्रज्ञ ३ स्क्रूंच्या बदल्यात स्लेटचा सेन्सर सुधारून देते. मग ज्या वस्तूचा तुम्ही फोटो काढला असेल ती वस्तू सेन्सर शोधू लागतो. पेटीचा फोटो घेऊन ठेवा, एवढं सांगितलं तरी पुरे.

पैसे साठले की कपडे घ्या. काकारिकोत आवाज न करणारा पोशाख मिळतो. किडे, सरडे पकडायला आणि तळावर चोरून जायला तो उपयोगी. त्याच गावाच्या वरच्या बाजूला पहिली ग्रेट फेअरी, म्हणजे मोठी परी, राहते. तिला १०० रुपी दिल्यावर ती कपडे मजबूत करायला लागते. अशा चौघी आहेत आणि पुढच्यांची मागणी ५००, १००० आणि १०,००० अशी वाढत जाते.

पहिले काही तास: एक वाट

पठारावरून पूर्वेकडे तरंगत उतरा. समोर मधोमध चिरलेला दुहेरी डोंगर दिसतो, ड्युएलिंग पीक्स. आधी त्याच्या जवळचा टॉवर घ्या. मग नदीकाठानं डोंगराच्या फटीतून चाला. वाटेत री दाही श्राइन लागतं, त्याच्या पेटीत चढण्याचा वेग वाढवणारी डोक्याची पट्टी आहे. ही सोडू नका. फटीतून बाहेर पडलात की तबेला आणि त्याला लागून हा दाहामार श्राइन. तबेल्यात घोडा नोंदवायला २० रुपी लागतात. घोडा पकडायचा तर वाकून मागून जा आणि बसल्यावर ‘एल’ बटणानं थोपटत राहा. तबेल्यातल्या प्रवाशांशी बोला. शेजारच्या प्रदेशातली गंमत तेच सांगतात.

तिथून उत्तरेला काकारिको, वाटेत हेस्टू. काकारिकोत गावाची प्रमुख इम्पा भेटते आणि कथा सुरू होते. मग हतेनो, कॅमेरा, सेन्सर, शिंगाची मूर्ती. एवढं झालं की बंधन संपलं. झोरा, रिटो, गोरोन आणि गेरुडो या चार जमातींकडे कुठल्याही क्रमानं जा. नवख्याला झोरांची वाट आधी सोपी पडते. गोरोनांच्या ज्वालामुखीवर नेहमीचं उन्हापासून वाचवणारं जेवण चालत नाही, आगीपासून वाचवणारं औषध किंवा पोशाखच लागतो. लाकडी ढाल-धनुष्य तिथे जळून जातं. गेरुडो वाळवंट दिवसा तापतं आणि रात्री गोठतं, म्हणून दोन्हींची तयारी करूनच निघा. मैदानात पायांवर धावणारा गार्डियन दिसला आणि लाल किरण तुमच्यावर रोखला गेला, तर सुरुवातीच्या दिवसांत पळणं हाच शहाणपणा. एखाद्या भिंतीआड व्हा.

आणि थोडा हात बसला की आग्नेयेच्या समुद्रातल्या इव्हेंटाइड बेटाकडे जा. केप केल्स या टोकावरून पुरेसा स्टॅमिना असेल तर तरंगत पोचता येतं, नाहीतर तराफा आणि त्याला वारा घालायला कोरोकचं पान. बेटावर पाय ठेवताच तुमचं सगळं सामान काढून घेतलं जातं आणि काम संपल्यावर परत मिळतं. फांद्या, दगड, समुद्रकाठची मासळी आणि आत्तापर्यंत शिकलेलं, एवढंच उरतं. इतर कुठल्याही ठिकाणाआधी मी हेच ठिकाण सुचवेन. जाण्याआधी व्हिडिओ पाहू नका.

शेवटी किल्ला, जिथे शेवटची लढाई होते. तो पठारावरूनही दिसतो आणि तयारी वाटेल तेव्हा तिथे जाता येतं. शेवटची लढाई जिंकल्यावर गेम तुम्हाला लढाईच्या आधीच्या क्षणी परत आणतो, सेव्हवर तारा येतो आणि नकाशावर टक्केवारी दिसू लागते. तिचा मोठा वाटा कोरोकांचा असतो, त्यामुळे आकडा छोटा दिसला तरी दचकू नका. एक्सपान्शन पास (वेगळा विकत घ्यायचा जोडभाग) घेतला असेल तर नकाशावर ‘हीरोज पाथ’ चालू करा: शेवटच्या २०० तासांत तुम्ही कुठून कुठून गेलात त्याची हिरवी रेघ उमटते. जिथे रेघांची जाळी विरळ आहे असा एक भाग निवडा, त्याला सर्वांत जवळचा टॉवर गाठा आणि दुर्बीण काढा.